डोंगरमाथ्यावरची इटली: ओर्व्हिएतो, स्पेल्लो आणि एक रात्र तटबंदीच्या आत

रानवाटा

मे महिन्यात अकरा दिवस मध्य इटलीत होतो. मी, नवरा आणि सासूबाई. रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस पूर्वी एकदा टूरबरोबर झालं होतं. तेव्हा बसच्या खिडकीतून डोंगरमाथ्याला चिकटलेली मातकट रंगाची गावं सारखी दिसायची आणि बस कुठेच थांबायची नाही. पुढच्या खेपेला फक्त हीच बघायची, असं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं.

सगळ्यात आधी सांगायचंय ते हे: खालच्या शहरात खोली घेऊन दिवसाला तीन-तीन गावं उरकू नका. एक तरी रात्र वर काढा, तटबंदीच्या आत.

आमचा पहिला मुक्काम ओर्व्हिएतो. रोमहून साध्या रेल्वेगाडीनं सव्वा-दीड तास. स्टेशन खाली आणि गाव वर, ज्वालामुखीच्या राखेचा दगड होऊन बनलेल्या उभ्या कड्यांच्या माथ्यावर. या दगडाला तिथे तूफो म्हणतात. स्टेशनासमोरूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढली जाणारी चढाची रेल्वे, सुटते आणि काही मिनिटांत वर पोचवते. १८८८ साली ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची, आता विजेवर चालते. वर उतरून मी पहिल्याच गल्लीत भिंतीला हात लावला, तर तळहाताला पिवळसर भुकटी लागली. अख्खं गाव याच दगडावर उभं आणि याच दगडातून कोरलेलं. घरांच्या खाली बाराशेच्या आसपास गुहा आहेत. एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्याही आधीच्या काळापासून लोक खाली खोदत आलेत: विहिरी, तळघरं, तेलाचे घाणे. काही गुहांच्या भिंतींत कबुतरांसाठी ओळीनं कोनाडे कोरलेत. वेढा पडला तरी कबुतरं बाहेर उडून चरून येत आणि घरात खायला मांस मिळे. एका तळघराचं दार उघडं होतं. भर दुपारी त्यातून थंड वारा येत होता आणि त्याला वाईनच्या पिंपांचा आंबूस वास होता.

कॅथेड्रलबद्दल फार लिहीत नाही, फोटो सगळीकडे आहेत. १२९० साली पायाभरणी, पांढऱ्या-काळ्या दगडांचे आडवे पट्टे, आणि आत सान ब्रित्सिओ चॅपलमध्ये लुका सिन्योरेल्लीनं रंगवलेला कयामतीचा दिवस. मला जास्त लक्षात राहिली ती विहीर. १५२७ साली रोम लुटलं गेलं आणि पोप सातवा क्लेमेंट पळून इथे आला. गावाला वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं? म्हणून त्यानं धाकट्या आंतोनियो दा सांगाल्लोकडून ही विहीर खोदवली. काम संपलं १५३७ मध्ये, तोवर पोप वारला होता. विहीर पन्नास मीटरहून खोल आहे, आणि भोवती एकमेकींत गुंफलेले दोन गोल जिने. एकानं खाली जायचं, दुसऱ्यानं वर यायचं. पाणी वाहणारी खेचरं एकमेकांना आडवी येऊ नयेत म्हणून ही योजना. पायऱ्या २४८, पण खेचरांसाठी केल्यामुळे रुंद आणि बुटक्या. सासूबाई सावकाश सगळ्या उतरल्या आणि चढल्याही. मधल्या झरोक्यांतून पलीकडच्या जिन्यावरची माणसं दिसतात. आपण उतरत असतो, ती चढत असतात, आणि भेट मात्र होत नाही.

संध्याकाळी सहानंतर दिवसापुरते आलेले लोक खाली गेले. चौकातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, आणि मग गावचे लोक घराबाहेर पडले. इस्त्रीचे कपडे, हातात हात, म्हातारे मागे हात बांधून. याला पासेज्जाता म्हणतात, म्हणजे नुसता फेरफटका. डोक्यावर पाकोळ्यांचे थवे किंचाळत फिरत होते. सकाळी सात वाजता त्याच रस्त्यावर पावाचा वास आणि एक झाडूवाला, एवढंच. हे दोन तास खाली राहणाऱ्याला मिळत नाहीत.

पुढचा मुक्काम स्पेल्लो. आता प्रश्न विचारा, त्या ओघात बाकीचं लिहिते.

ऊनसावली

फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, अंडंही नाही. आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. या गावांत चढ-उतार किती?

रानवाटा

ऊनसावली, आधी गुडघ्याचं. ओर्व्हिएतो सगळ्यात सोपं. फ्युनिक्युलर आहेच, शिवाय दुसऱ्या बाजूच्या काम्पो देल्ला फिएरा या वाहनतळापासून लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. वर पोचलं की गाव बऱ्यापैकी सपाट. पेरुजात सरकते जिने तर चक्क जुन्या किल्ल्याच्या पोटातून जातात. १५४० साली पोपनं पेरुजा जिंकलं आणि विरोधकांच्या घरांवरच किल्ला बांधला. आता त्या गाडल्या गेलेल्या गल्ल्यांतून जिना वर नेतो. पिएन्झाही वर पोचल्यावर सपाट आहे. मोन्तेपुल्चानो मात्र आईंना झेपणार नाही, मुख्य रस्ताच सरळ चढाचा. स्पेल्लोतही चढ आहे, पण दर वळणावर बसायला काहीतरी सापडतं.

खाण्याचं म्हणाल तर उपाशी कुणी राहत नाही, फक्त नीट विचारायला लागतं. सूप भाजीचं दिसलं तरी मटणाच्या पाण्यात शिजवलेलं असू शकतं. मी एक वाक्य पाठ केलं होतं: 'सोनो वेजेतारियाना, निएन्ते कार्ने, निएन्ते पेशे, निएन्ते ब्रोदो दि कार्ने.' मांस नको, मासे नको, मांसाचं पाणीही नको. पुरुषांनी वेजेतारियानो म्हणायचं. टस्कनी प्रांतात पीची नावाच्या हातानं वळलेल्या जाड शेवया मिळतात. लसूण-टोमॅटोच्या रस्स्यातल्या घ्या, त्यांना आल्यिओने म्हणतात. अंडं नको असेल तर शेवया विचारूनच घ्या. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं, पीचीत सहसा नसतं, तरी काही ठिकाणी घालतात. उंब्रिया प्रांतात कास्तेल्लुच्चोच्या बारीक मसुरीचं सूप, आणि तोर्ता अल तेस्तो. ही गव्हाच्या पिठाची जाड चपटी पोळी, जड तव्यावर भाजलेली, मधोमध कापून आत पालेभाजी किंवा चीज भरतात. सासूबाईंना ती इतकी आवडली की तीन दिवस दुपारी तेच. फक्त पिठात 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी नाही ना, हे विचारून घ्या.

आणि पाव अळणी लागेल. टस्कनी-उंब्रियात बहुतेक ठिकाणी पावात मीठ घालतच नाहीत. तो पाव खारट चीजबरोबर किंवा रश्श्याबरोबर खायचा असतो, हे कळल्यावर आवडायला लागतो.

तटबंदी

चीजबद्दल एक भर. पेकोरीनो आणि पार्मिज्यानो ही दोन्ही चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटनं विरजलेली असतात. कडक शाकाहारी असाल तर दुकानात 'काल्यो वेजेताले' विचारा, म्हणजे वनस्पतिजन्य विरजण. काही गवळी तसं चीज करतात.

भिंगरी

सान जिमिन्यानोबद्दल कुणीच काही लिहिलं नाही. आम्ही गेल्या जूनमध्ये गेलो होतो आणि खरं सांगायचं तर निराश झालो. दुपारी बाराला पोचलो, वेशीपासून चौकापर्यंत माणसाला माणूस चिकटलेलं. आइस्क्रीमची रांग, चामड्याच्या पिशव्यांची दुकानं. दोन तासांत परत फिरलो. मनोरे लांबून छान दिसतात, तेवढंच.

तटबंदी

भिंगरी, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो दुपारी बाराचा आहे. मी तिथे दोन रात्री राहिलोय आणि माझ्या मते सगळ्यात जास्त सांगण्यासारखं त्याच गावात आहे.

हे गाव व्हिया फ्रान्चीजेना या यात्रामार्गावर. उत्तरेकडून रोमला जाणारे यात्रेकरू इथून जायचे, व्यापार वाढला, केशराचा पैसा आला. मग प्रत्येक श्रीमंत घराण्यानं आपला मनोरा उभारला. दुसऱ्याचा उंच झाला की आपला आणखी उंच. शेवटी नगरपालिकेला नियम करावा लागला की नगरभवनाच्या मनोऱ्यापेक्षा, म्हणजे ५१ मीटरपेक्षा, कुणीही वर जायचं नाही. असे ७२ मनोरे होते म्हणतात. आज १४ उरलेत.

ते टिकले कशामुळे, तर गरिबीमुळे. १३४८ च्या प्लेगनं गाव निम्म्याहून जास्त रिकामं केलं. १३५३ मध्ये ते फ्लॉरेन्सच्या अंमलाखाली गेलं, यात्रामार्गही खालच्या सपाटीकडे सरकला. नवीन वाडे बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून जुनं पाडलं गेलं नाही. फ्लॉरेन्समध्येही असेच शेकडो मनोरे होते. तिथे पैसा येत राहिला आणि ते गेले. सान जिमिन्यानो चौदाव्या शतकात जिथे थांबलं तिथेच राहिलं, आणि १९९० साली जागतिक वारसा यादीत गेलं.

पोज्जिबोन्सीहून बस मिळते. संध्याकाळी पोचा, सकाळी आठच्या आत चौकातल्या विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसा. विहिरीच्या दगडाला दोरांनी खाचा पडल्यात. बोट घातलं तर पहिलं पेर आत जातं.

भिंगरी

हे वाचून पुन्हा जावंसं वाटतंय. विहिरीपाशी फोटो काढला होता, खाचा बघितल्याच नाहीत.

चारचाकी

गाडी घेणाऱ्यांसाठी. या सगळ्या गावांच्या आतल्या भागात बाहेरच्या वाहनांना बंदी असते. पाटी पांढरी गोल, लाल कड्याची, खाली 'झोना त्राफ्फिको लिमितातो'. वेशीवर कॅमेरा, नंबरप्लेट टिपली की दंड. एका गावात रात्री साडेआठला पाटीवर 'वार्को अत्तीवो' असं दिवे लागून आलेलं बघितलं आणि मला वाटलं वेस उघडी आहे. नेमकं उलट होतं. अत्तीवो म्हणजे कॅमेरा चालू, आत येऊ नका. 'नोन अत्तीवो' असेल तरच जाता येतं. सात महिन्यांनी भाड्याच्या गाडीवाल्यांनी माझा पत्ता कळवल्याचे पैसे कार्डावरून कापले, आणि त्यानंतर दंडाची नोटीस घरी आली. तीही एक नाही, दोन. हॉटेल सापडेना म्हणून मी त्याच वेशीतून दोनदा गेलो होतो.

गाडी तटाबाहेरच्या वाहनतळावर लावा आणि चालत आत जा. हॉटेल आत असेल तर आदल्या दिवशी त्यांना नंबर कळवा, ते नोंद करून देतात. आणि आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या. आपलं लायसन्स तिथे एकटं चालत नाही.

रानवाटा

चारचाकी, ही माहिती फार मोलाची. आम्ही गाडी घेतलीच नाही. ओर्व्हिएतोहून स्पेल्लोला तेरोन्तोलाला गाडी बदलून गेलो. त्याच मार्गावर पेरुजा आणि असिसी लागतात. रविवारी मात्र गावच्या बसेस जवळपास नसतात, बेत तसा आखा.

स्पेल्लोबद्दल लिहायचं राहिलं. सुबासिओ डोंगराच्या उतारावरचं गाव, दगड गुलाबी आणि पांढरा. पाऊस पडून गेला की गुलाबी रंग गडद होतो. गल्ल्या इतक्या अरुंद की सामान पोचवायला तीनचाकी आपे फिरते. आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. आमच्या घरमालकांना सांगितलं की हीच गाडी आमच्याकडे बारामतीत बनते, तर ते उठून बाहेर गेले आणि आपल्या जुन्या आपेवरचं कापड काढून आम्हाला दाखवलं. तिच्या हौद्यात वाळत घातलेल्या फुलांच्या पाट्या होत्या.

ती फुलं इन्फिओरातासाठी. ईस्टरनंतरच्या नवव्या रविवारी, कोर्पुस दोमिनीच्या सणाला, स्पेल्लोच्या रस्त्यांवर फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे घालतात. शनिवारी संध्याकाळी बसायचं आणि रात्रभर काम करून सकाळी पुरं करायचं. रंग म्हणून काही वापरायचं नाही, जे काही असेल ते वनस्पतीचंच. त्यामुळे महिना-महिना आधी माणसं डोंगरात फुलं वेचत असतात, मग घराघरांत पाकळ्या खुडून रंगावारी लावतात. मालकीणबाईंच्या टेबलावर पिवळ्या फुलांचा ढीग होता. त्या देठ खुडत होत्या, सासूबाई न विचारताच शेजारी बसल्या आणि त्याही खुडायला लागल्या. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मालकीणबाईंनी एकदाच त्यांचा हात धरून दाखवलं की पाकळीबरोबर हिरवं येऊ द्यायचं नाही, ते वाळलं की तपकिरी पडतं. दीड तास दोघी तेच करत बसल्या.

रविवारी सकाळी बिशप मिरवणुकीनं त्या गालिच्यांवरून चालत जातात आणि सगळं मोडतं. आम्हाला तो दिवस मिळाला नाही, आमचं परतीचं तिकीट आधीचं होतं. पण तयारी बघायला मिळाली.

ऊनसावली

सासूबाईंचा तो प्रसंग वाचून डोळ्यांत पाणी आलं.

असिसी करावं का? की तिथेही गर्दीच?

तटबंदी

असिसी कराच. तिथल्या बॅसिलिकाचं (एकावर एक दोन चर्च असलेल्या वास्तूचं) बांधकाम १२२८ साली, संत फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी सुरू झालं. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात वरच्या चर्चच्या छताचा भाग कोसळला, पाहणी करायला आत गेलेल्यांपैकी चार जण दगावले. भित्तिचित्रांचे हजारो तुकडे वेचून, जुळवून पुन्हा बसवले. वर बघाल तर काही जागा कोऱ्या सोडलेल्या दिसतील. जे जुळलं नाही तिथे त्यांनी नवीन रंगवलं नाही. मला त्या कोऱ्या जागाच जास्त आठवतात.

रिकामं गाव बघायचं तर चिव्हिता दि बान्योरेज्यो. ओर्व्हिएतोहून बान्योरेज्योला बस जाते, तिथून पुढे पायी पूल. वर तूफो, खाली चिकणमाती, पावसानं माती वाहून जाते आणि वरचा कडा तुटतो. गाव असं शतकानुशतकं कडेकडेनं कोसळत आलंय. कायमचे रहिवासी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आत जायला तिकीट आहे.

आसपासची लहान खेडीही अशीच ओस पडली, पण भूकंपानं किंवा दरडीनं नाही. इथली शेती अर्धेलीनं चालायची, अर्धं पीक मालकाचं आणि अर्धं कसणाऱ्याचं. १९६४ च्या कायद्यानं असे नवे करार बंद झाले, पण त्याच्या आधीपासूनच लोक कारखान्यांकडे निघाले होते. आज जी दगडी घरं पाहुण्यांना भाड्यानं मिळतात त्यांतली बरीचशी या कुळांची.

माणगावकर

धागा सुरुवातीपासून वाचतोय. उंब्रियाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. पेरुजाच्या उत्तरेला मोन्तोने नावाचं गाव आहे. तिथे कुणी गेलंय का?

विचारण्याचं कारण, मी रायगडमधल्या माणगावचा. आमच्या तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची तिसरी बटालियन. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन चालली. त्यांच्याखेरीज तुकडीतला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. ते एकटे त्या मोर्च्यावर धावून गेले. आधी हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, मग एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिनंच मारलं. तेवढ्यात लपून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान, मिळाला. त्यांची कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे, शाळेत असताना आम्ही दर वर्षी हार घालायला जायचो. २०२३ च्या जुलैमध्ये मोन्तोनेत त्यांचं स्मारक उभं राहिलं, सूर्यघडीच्या रूपात. ते बघायचंय.

निळी_शाई

माणगावकर, मी गेलेय. आम्ही म्युनिकला राहतो, मागच्या वर्षी एप्रिलमध्ये गाडीनं खाली उतरलो होतो. उंबेर्तिदेपासून थोडं वर, डोंगराच्या दोन टोकांवर वसलेलं छोटं गाव. एरवी लोक तिथे जातात ते ब्राच्चो फोर्तेब्राच्चोसाठी. चौदाव्या-पंधराव्या शतकातला भाडोत्री फौजांचा नामांकित सेनापती, तो या गावच्या घराण्यातला. तटबंदी, सान फ्रान्चेस्कोचं चर्च, पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्ल्या, आणि तटावरून खाली टायबरचं खोरं. तिथे उभं राहून खाली बघितलं की शेतं, ओढे, झाडांच्या रांगा, सगळं शांत. जुलै १९४४ मध्ये जर्मन फौज या डोंगरांवर होती आणि आपली माणसं खालून वर चढत होती, हे बघितल्याशिवाय समजत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं. सूर्यघडीवर सावलीच नव्हती. स्मारकाचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे, अर्थ असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. मुलाला घाडगेंची गोष्ट सांगितली, ती त्यानं दोनदा सांगायला लावली. पाऊण तासानं ढग सरकले आणि सावली पडली. मुलानं घड्याळाशी ताडून बघितलं. जवळजवळ तासाचा फरक निघाला, कारण इटलीत उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात आणि सूर्यघडी करत नाही.

परतताना अरेझ्झोच्या युद्ध दफनभूमीतही थांबलो. तिथे भारतीय सैनिकांच्या पुष्कळ कबरी आहेत. नावं वाचत गेलं की आपल्याकडची आडनावं भेटतात.

तटबंदी

आणखी एक नाव जोडतो. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव, याच रेजिमेंटची पहिली बटालियन. ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून नदीपार पोचवलं आणि मग परत फिरून मशीनगनचे मोर्चे एकट्यानं बंद पाडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि ते घरी परतले.

माणगावकर

निळी_शाई, मनापासून आभार. ऑक्टोबरमध्ये वडिलांना घेऊन जायचं चाललंय, ते ७४ वर्षांचे आहेत. पळसगावची थोडी माती बरोबर न्यायची त्यांची फार इच्छा होती. चौकशी केली तर युरोपात माती न्यायला परवानगी नाही असं कळलं. मग पुतळ्यासमोरचा फोटो छापून नेणार आहोत. गावात राहायची सोय होईल का?

निळी_शाई

होते, तटाच्या आत खोल्या भाड्यानं मिळतात. वाहनतळ खाली आहे, तिथून चढ आहे, वडिलांना सावकाश न्या. ऑक्टोबरात सकाळी खोऱ्यात धुकं असतं आणि गाव त्याच्या वर असतं. सूर्यघडीवर सावली हवी असेल तर दहाच्या पुढे जा.

रानवाटा

मूळ लेखात आता मोन्तोने जोडते. स्पेल्लोहून गाडीनं साधारण तासाभराचं अंतर. आम्ही स्पेल्लोत तीन रात्री होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं, त्याची हळहळ वाटतेय. माणगावकर, परत आलात की याच धाग्यावर लिहा. सासूबाईंना वाचून दाखवीन.